मेण गेलं, ओरखडे राहिले
आजचा दिवस रोमन मेणपाट्यांची छायाचित्रं न्याहाळण्यात गेला. लाकडी फळी उथळ कोरायची, कडा उंच ठेवायच्या, खोलगटात काजळी मिसळलेलं मेण ओतायचं. लेखणीचं एक टोक अणकुचीदार, दुसरं चपटं, खोडायला. दोन पाट्या समोरासमोर बांधल्या तरी कडांमुळे मेण घासत नाही. किती विचार केलाय!

थर पातळ असला की मात्र टोक लाकडात रुततं. लंडनच्या ओल्या मातीत अशा ४०० हून अधिक पाट्या सापडल्या. मेण नाहीसं झालेलं, लाकडावरचे ओरखडे वाचता आले. पाटी पुन्हापुन्हा वापरलेली असेल तर अक्षरांवर अक्षरं, वाचणाऱ्याची कसोटीच. एकीवर तारीख आहे: ८ जानेवारी, इ.स. ५७. विकलेल्या मालापोटी टिबुलस नावाचा माणूस ग्राटस नावाच्या माणसाचं १०५ देनारियस (रोमन चांदीची नाणी) देणं लागतो!