लिंबाच्या पानावरची नागमोडी रेघ

मी नवी मुंबईत सोसायट्यांच्या बागा आणि टेरेसवरच्या कुंड्या बघतो. पाऊस सुरू झाला की लिंबाला कोवळी पालवी येते आणि लगेच फोन सुरू, पानं वळतायत, चांदीसारख्या रेघा आल्यात, औषध मारून जा. सानपाड्याच्या एका काकूंचाही तसाच फोन आला, कागदी लिंबाचं कुंडीतलं झाड, काकांनी लावलेलं, त्यामुळे जीव नुसता टांगणीला.

मी एक पान उन्हाकडे धरलं आणि काकूंच्या हातात भिंग दिलं. आत पिवळट हिरवी नागअळी होती, पानाच्या वरच्या पातळ सालीखाली सरकत रस खात चाललेली, आणि मागे मधोमध काळी रेघ म्हणजे तिची विष्ठा. "अरे बापरे, जिवंत आहे रे ही!" काकू म्हणाल्या. मग सगळंच सांगितलं, पतंग रात्री कोवळ्या पानावर एकेकटं अंडं घालतो, अळी पोसली की पानाची कड वळवून तिथेच कोष करते, आणि पंख पसरले तरी जेमतेम ४ मिलीमीटरचा रुपेरी पतंग बाहेर पडतो, पंखाच्या टोकाला एक काळा ठिपका. आपल्या उकाड्यात हे सगळं दोन-तीन आठवड्यांत उरकतं. १८५६ मध्ये स्टेंटन या इंग्रज कीटकतज्ज्ञाने याला शास्त्रीय नाव दिलं ते कलकत्त्याच्या नमुन्यांवरून, म्हणजे हा आपल्याकडचाच, अमेरिकेत फ्लोरिडाला तो १९९३ मध्ये पोचला.

पण त्या दिवशी खरी गोष्ट पुढच्या पानात होती. तिथली अळी काळपट, मेलेली, आणि तिला चिकटून दुसरीच एक गुबगुबीत बारकी अळी! गांधीलमाशीच्या नात्यातल्या अगदी छोट्या माशीचं पिल्लू, नागअळीला बाहेरून खाऊन मोठं होणारं. मी अक्षरशः ओरडलो, सहाव्या मजल्यावरच्या कुंडीत ही माशी येऊन पोचली होती! काकूंना म्हटलं, आता फवारा मारला तर सालीखालच्या नागअळीला तो नीट लागणार नाही आणि ही माशी मात्र मरेल.

त्यांना पटायला वेळ लागला, खराब पानं तरी तोडूया ना म्हणत होत्या. नको म्हटलं, उरलेला हिरवा भाग अजून झाडाला अन्न देतोय. छाटणी आणि युरिया दोन्ही थांबवायला सांगितलंय, कारण नवी पालवी जितकी जास्त तितकी नागअळीला जागा जास्त. पुढची पालवी फुटली की भिंग घेऊन परत जातोय, काकूंनी वरच्या मजल्यावरच्यांनाही बोलावून ठेवलंय.