उपाशी ट्रेकवाले, चिडके वॉर्सवाले

आमच्या घरात कुणी 'ते स्टारवालं काहीतरी' म्हटलं की दोनच माणसं खवळतात. एक मी, दुसरा माझा भाचा. बाकीच्यांच्या लेखी स्टार ट्रेक काय नि स्टार वॉर्स काय, दोन्हीत यानं उडतात आणि दोन्हीत टोकदार कानांचा कुणीतरी शहाणपणाचं बोलतो.

मी ट्रेकवाली. ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर कप्तान कर्क, स्पॉक आणि डॉक्टर मॅकॉय यायचे, ते शेजारच्या काकूंकडे फरशीवर बसून पाहिलेत. इंग्रजी निम्मं डोक्यावरून जायचं, तरी बिघडलं नाही. भाचा पक्का वॉर्सवाला, पुण्यात नोकरी करतो, भिंतीवर लाइटसेबर (वॉर्समधली प्रकाशाची तलवार) टांगून ठेवलाय. 'मावशी, तुझ्या मालिकेत सगळे नुसत्या मीटिंगा घेतात,' हे त्याचं लाडकं वाक्य. खोटं नाही ते. पण कोण भारी यावर वाद घालण्यात आता मला रस उरलेला नाही. मला गंमत वाटते ती दोन्हीकडच्या चाहत्यांच्या स्वभावाची, आणि माझ्या मते त्याचं मूळ दोघांच्या जन्मकुंडलीत आहे.

ट्रेक जन्माला आलं तेच गरिबीत. १९६६ साली अमेरिकेत एनबीसीवर मालिका सुरू झाली, प्रेक्षक बेताचे, पैसा त्याहून बेताचा. दर आठवड्याला यान ग्रहावर उतरताना दाखवणं परवडेना, म्हणून माणसं झगमगत विरघळून खाली प्रकट व्हायची युक्ती काढली. डॉक्टर मॅकॉय जे चकचकीत उपकरण रुग्णावरून फिरवतो ते मुळात जेवणाच्या टेबलावरची मीठदाणी! एका भागासाठी नव्या ढबीच्या मीठदाण्या आणल्या होत्या, त्या मिठाच्या म्हणून कुणाला ओळखू येईनात, मग त्या गेल्या दवाखान्यात. दुसऱ्या वर्षानंतर मालिका बंद पडणार अशी कुणकुण लागली तेव्हा चाहत्यांनी एनबीसीकडे पत्रांचा ढीग पाठवला. तिसरं वर्ष मिळालं, पण शुक्रवारी रात्री दहाची वेळ, म्हणजे पोरंसोरं घराबाहेर असण्याची. ७९ भागांवर १९६९ मध्ये कारभार आटोपला.

पुढची दहा वर्षं या लोकांनी मुख्यतः पुनःप्रक्षेपणांवर काढली. तेच ७९ भाग, पुन्हा पुन्हा. १९७२ मध्ये न्यूयॉर्कात मोठं संमेलन भरवलं. १९७६ मध्ये पुन्हा पत्रं लिहिली, या वेळी थेट व्हाइट हाउसला, आणि नासाच्या पहिल्या स्पेस शटलचं 'कॉन्स्टिट्यूशन' हे ठरलेलं नाव बदलून ट्रेकमधल्या यानाचं 'एंटरप्राइझ' करून घेतलं. ते शटल फक्त चाचणीसाठी बांधलेलं होतं, अवकाशात कधी गेलंच नाही. ट्रेकवाल्यांचं नशीब हे असं. म्हणून आम्हाला टुकार भागाचंही कौतुक असतं. मिळालं ना, मग झालं.

वॉर्सचं उलट. पहिला सिनेमा २५ मे १९७७ ला जेमतेम ३२ थिएटरांत लागला आणि बघता बघता तोवरचे विक्रम मोडून बसला. त्या नाताळापर्यंत खेळणी तयार होईनात, तर केनर कंपनीने रिकाम्या पाकिटात हमीपत्र घालून विकलं: बाहुल्या नंतर पोस्टाने येतील. आणि लोकांनी ते घेतलं! ज्यांचं बालपण असं लाडात गेलं त्यांना पुढे कुणी हात लावलेला खपत नाही. १९९७ मध्ये जॉर्ज लुकासने आपल्याच सिनेमात फेरफार केले. दारूच्या अड्ड्यावर हान सोलो समोरच्या ग्रीडोला आधी गोळी घालायचा, नव्या प्रतीत ग्रीडो आधी झाडतो. एवढ्या एका गोळीवरून अजून भांडणं चालू आहेत. भाच्याकडे 'आधी हाननेच झाडली' अशा मजकुराचा टीशर्ट आहे.

इथवर मौज आहे. पण १९९९ च्या वॉर्स सिनेमात जार जार बिंक्स हे पात्र झालेल्या अहमद बेस्टच्या वाट्याला इतकी हेटाळणी आली की आपण जीव द्यायच्या टोकाला गेलो होतो, असं त्याने २०१८ मध्ये स्वतः सांगितलं. त्याच वर्षी वॉर्सचीच नटी केली मरी ट्रॅनने सोशल मीडियावरच्या आपल्या पोस्ट काढून टाकल्या, कारण तेच. याला चाहतेपण म्हणायला माझी जीभ रेटत नाही, आणि हे भाच्यालाही मान्य आहे.

आम्हीही काही संत नाही. १९८७ मध्ये ट्रेकच्या नव्या मालिकेत नवा कप्तान पिकार्ड आला तेव्हा 'टकलू कर्क होऊ शकत नाही' छापाची कुरकूर जुन्या मंडळींनी भरपूर केली. माझा स्वतःचा राग वेगळाच आहे. ट्रेकचा खलनायक खान नूनियन सिंग हा उत्तर भारतातला शीख असल्याचं १९६७ च्या भागात सुचवलंय. भूमिका केली मेक्सिकोच्या रिकार्डो मोन्ताल्बानने, आणि २०१३ मध्ये चक्क गोऱ्यापान बेनेडिक्ट कम्बरबॅचने.

वॉर्सवाल्यांना मी एक उपकार मात्र मानते. १९७७ चा गल्ला पाहून पॅरामाउंटने नव्या मालिकेचा बेत गुंडाळला आणि ट्रेकचा सिनेमाच काढला, १९७९ चा. त्या मालिकेसाठी निवडलेली आपल्या मुंबईची पर्सिस खंबाटा, १९६५ ची मिस इंडिया, अशी पडद्यावर आली, तीही डोक्याचा गोटा करून. सिनेमा रेंगाळतो, पण तिच्या चेहऱ्यावरून नजर हटत नाही. पुढे १९८२ च्या ट्रेक सिनेमातली दृश्यांची करामतही लुकासच्याच आयएलएम या कंपनीने केली. दुश्मनी काय ती आमच्यात, कामगार दोन्हीकडे तेच.

२०१५ मध्ये वॉर्सचा 'द फोर्स अवेकन्स' अमेरिकेत १८ डिसेंबरला लागला, आपल्याकडे मात्र २५ ला. १८ ला इथे शाहरुख होता आणि बाजीराव. मधला आठवडा भाच्याने फोनला हात लावला नाही, कुणी काही फोडेल या धास्तीने. मी तेवढ्यात बाजीराव बघून आले. मग त्यानेच मला वॉर्सला नेलं. पिवळी अक्षरं वर सरकू लागली आणि शिट्ट्या पडल्या. ट्रेकच्या कुठल्याही सिनेमाला मी अशा शिट्ट्या ऐकलेल्या नाहीत. बाहेर येताना मी एवढंच म्हटलं, 'गोष्ट तर सगळी सत्याहत्तरचीच आहे रे.' पार्किंगपर्यंत तो एक शब्द बोलला नाही.