गोराईचं वर्तुळ, भाग तिसरा: पेरांचा तिढा सुटला (बहुतेक)

मंडळी, गोराईच्या एका शेतात भात गोलाकार लोळलंय आणि ते आकाशातून कोणी केलेलं 'क्रॉप सर्कल' आहे का, यावर आपला वाद चाललाय. त्यातल्या बांधाकडच्या काड्या वर का वळल्या आणि मधल्या का नाहीत, याचं उत्तर मिळालं. ते काड्यांची जाडी मोजायच्या कॅलिपरने नाही, शेतमालकीण काकूंनी दिलं.

मागचे फोटो आठवत असतील: सगळं भात एकाच दिशेला लोळलेलं, बांधालगतच्या पट्ट्यातल्या काड्या पेरापाशी (काडीवरच्या गाठीपाशी) कोपरासारख्या दुमडून वर आलेल्या, मधल्या मात्र सरळसोट आडव्या. यावरून आपल्यात दोन तट पडले. एका तटाने क्रॉप सर्कलमधल्या रोपांवर लिहिणाऱ्या लेव्हनगुड या अमेरिकी संशोधकाचा १९९४ चा निबंध काढला: पेरं लांबली म्हणजे सूक्ष्मलहरींचा मारा. माझं म्हणणं पहिल्यापासून हेच की आडव्या पडलेल्या जिवंत काडीची पेरं वळतातच. पेरापाशी फुगीर भाग असतो, त्यातले पिष्टाचे कण खालच्या बाजूला बसतात, त्या अंगाला ऑक्सिन हे वाढीचं संप्रेरक जमतं, तिथल्या पेशी लांबतात आणि काडी उचलली जाते. त्यासाठी आकाशातून कोणी उतरावं लागत नाही.

पण मग मधल्यांनी काय पाप केलं होतं? इथे माझंही घोडं अडलं होतं. जमिनीची ओल, काड्यांची जाडी, वर पडलेल्या काड्यांचं ओझं, सगळं ताडून पाहिलं. काहीच जुळेना.

रविवारी पहिली फेरीबोट पकडून शेतावर गेलो. काकू सहज म्हणाल्या, "बांधाकडची लावणी खेकड्यांनी कापली होती ना, तिथे नांग्या भरल्या. आमची रोपं संपलेली, मग जावेकडची आणली."

नांग्या भरणं म्हणजे रिकाम्या जागी पुन्हा रोपं लावणं. आणि काकूंचं भात हळवं, म्हणजे लवकर पिकणारं, जावेचं गरवं, उशिरा पिकणारं! म्हणजे लोळलं तेव्हा मधलं पिकत आलेलं, त्याची पेरं निबर. कडेचं अजून कोवळं. कडेच्या लोंब्या हिरव्या राहिल्या याचं श्रेयही आपल्याकडे 'ऊर्जे'ला गेलं होतं. ते आता खेकड्यांना द्यावं.

आणि गोल का? काकूंचा मुलगा सांगतो, उन्हाळ्यात तिथेच शेणखताचा ढीग होता. नत्र जास्त, भात उंच आणि लेचंपेचं, परतीच्या पावसात आधी तेच बसलं. पटतंय, सिद्ध नाही. तसं याला वर्तुळ म्हणणं हाही उदारपणाच. टेप लावला की एका बाजूने चांगलंच जास्त भरतं. इंग्लंडात विल्टशरमधल्या मिल्क हिलची २००१ ची ४०९ वर्तुळं बघा, एकेक आखीव. फळी आणि दोरीने अशी कामं होतात हे बोअर आणि चोर्ली या दोन इंग्रज खोडकरांनी १९९१ मध्येच दाखवलं होतं.

ऑनलाइन घेतलेला डिजिटल कॅलिपर खाडीच्या दमट हवेत शून्यावर टिकत नाही. नागदेवी स्ट्रीटवरचा साधा स्टीलचा व्हर्नियर घ्या. ड्रोनचा विषय पुन्हा नको, मुंबईत बंदीचे आदेश निघतच असतात. रंगाऱ्याच्या लांब दांड्याला मोबाइल बांधून काढलेले फोटो पुरेसे स्पष्ट आलेत.

आता पुढचं. कोपऱ्यातलं थोडं भात फळीने पाडून बघायचं ठरलं होतं. पण कापणी तोंडावर आहे, आणि उभं पीक पाडू द्या म्हणायची माझी छाती नाही. लिहिता लिहिता सुचतंय, पाडायचं कशाला? कुंडीच आडवी करायची! गच्चीवर गहू, थोड्या थोड्या अंतराने पेरलेला. सगळ्या कुंड्या एकाच रात्री आडव्या आणि कोन रोज मोजायचा. कोणत्या वयात पेर वळायचं थांबतं ते कळलं, तर लोळलेलं पीक साधारण कधी पडलं याचा अंदाज बांधता येईल. भातच लावलं असतं, पण गच्चीवर चिखल केला तर सोसायटीचे सेक्रेटरी मलाच आडवं करतील.

मोठा कोनमापक कोणाकडे आहे? आणि वाण्याकडचा गहू उगवतो का, की बियाणंच आणावं?