आमची वाटचाल : एक पिलर ड्रिल आणि ९६ भोकं

जळगावात घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक वेल्डिंग मशीन, एक हँड ग्राइंडर आणि भंगारातून उचललेली पिलर ड्रिल, म्हणजे खांबावर बसवलेलं उभं ड्रिल मशीन, एवढ्यावर सुरू केलं. ग्रिल, गेट, ट्रॉलीचे हूक, येईल ते काम. पहिली सात-आठ वर्षं बरी गेली, सांगण्यासारखं काही नाही.

मग एका पार्टीने २४ प्लेटा दिल्या, २५ एमएम जाड, प्रत्येकीत ५० एमएमची चार भोकं. मी लगेच हो म्हटलं आणि तिथंच फसलो. आमच्या ड्रिलचा सगळ्यात कमी स्पीड ४५० आरपीएम, म्हणजे मिनिटाला ४५० फेरे, आणि ५० च्या एचएसएसला (हाय स्पीड स्टीलच्या ड्रिल बिटला) माईल्ड स्टीलमध्ये दीडशेच्या आसपास पायजे. व्यास गुणिले ३.१४ गुणिले आरपीएम, भागिले हजार, हा धारेचा वेग, तो मिनिटाला २५ मीटरच्या आत बसवायचा, आमचं ७० येत होतं. पण तेव्हा हिशोब कोण करतं! ८, १६, २५, ३८ एमएम असं एकाच भोकात बिट बदलून वाढवत गेलो, बिट तापून निळं पडायचं, परत धार लावा, परत निळं. मे महिना, बाहेर ४५, वर तापलेला पत्रा, त्यात दुपारी लाईट गायब. एकदा क्लॅम्प ढिला राहिला आणि ड्रिल पलीकडे निघताना अडकलं, प्लेट गरकन फिरून हातावर आली, अंगठ्याचं नख अजून वाकडंच उगवतं.

शेवटी उरलेली भोकं गॅसने कापून आतून ग्राइंडर मारला. मापाचा व्हर्निअर लावला तर एकीकडे ५०, दुसरीकडे साडेएक्कावन्न. सगळा माल रिजेक्ट, वर प्लेटांचे पैसे आमच्याच बिलातून कापले. आणि आमच्याकडे योग्य मशीन नाही हे पार्टीला कळलं कसं, तर आमच्या गल्लीच्या तोंडाशी ज्यांचं शॉप आहे ते साहेब रोज माझ्याकडे चहा प्यायचे, त्यांनी तिकडे जाऊन सांगितलं की त्याच्याकडे मॅग्नेट ड्रिल (चुंबकाने प्लेटलाच चिकटून भोक पाडणारं मशीन) नाही, घरगुती काम आहे ते. काम अर्थातच त्यांना गेलं.

ड्रिल भंगारात द्यायचं ठरलं होतं. तेवढ्यात यावलकडचे नाना आले, केळीच्या ट्रॉल्या बनवतात, पहिल्या वर्षापासूनचं गिऱ्हाईक. म्हणाले, "कशाले इकतो रे भो, माह्यं काम मंग कोन करीन?" दुसऱ्या दिवशी त्यांच्या बंद पडलेल्या पिठाच्या चक्कीच्या पुल्या टेम्पोत घालून आणल्या. मोटर आणि स्पिंडलच्या (बिट फिरवणाऱ्या दांड्याच्या) मध्ये एक जादा शाफ्ट टाकला, ३ इंची पुलीवरून १२ इंचीवर, ४५० चे झाले ११२. मशीन तेच, पण आवाजच बदलला, म्हशीने रवंथ करावा तसा.

नानांच्या ॲडव्हान्समधून ५० चा ॲन्युलर कटर घेतला. काय चीज आहे! अख्खं भोक कापत नाही, नुसतं गोल कडं कापतो, मधली चकती सबंध गरमगरम खाली पडते. म्हणून कमी ताकदीत होतं. नवीन पोरं त्याच्यासाठी पण आधी पायलट भोक, म्हणजे मधोमध लहान भोक, मारून ठेवतात, अरे नका मारू, मधली पिन चकती ढकलायला असते, ती टेकणार कशावर? सेंटर पंचने मधोमध खूण करा, कुलंट (थंड ठेवणारं पाणी) पिनमधून आत जाऊ द्या, फीड म्हणजे खाली दाबणं एकसारखं ठेवा, घाबरून मध्येच हात सैल सोडला की दात जातात. आणि ड्रिलवर हातमोजे घालू नका, कितीही गरम होऊ दे. साधं मोठं ड्रिलच वापरायचं असेल तर पायलट त्याच्या टोकाच्या आडव्या धारेपेक्षा थोडाच मोठा ठेवा, आमच्यासारखी शिडी लावू नका.

नानांच्या ट्रॉल्यांची भोकं आजही आमच्याकडेच होतात. दर हिवाळ्यात त्यांच्या मळ्यात भरीत-पुरी ठरलेली.

त्या पार्टीकडे मजुरी अजून बाकी आहे. आणि गल्लीच्या तोंडाशी असलेल्या साहेबांना मागे ३०४ स्टेनलेसचं काम मिळालं, त्याला मॅग्नेट चिकटतच नाही, तेव्हापासून तसल्या प्लेटा ते माझ्याकडे पाठवतात. करून देतो, रोख घेतो. चहा मात्र पाजत नाही.