पागोळीखालची भांडी

कोकणात आजोळच्या घरी पाऊस आधी भांड्यांत ऐकू यायचा. कौलांवरून पागोळ्या सुटल्या की माजघरातून आजीची हाक येई, "भांडी लावा गो!" आणि आम्ही मुली हाताला येईल ते घेऊन पडवीत धावायचो. हाताला येईल ते लावून चालत मात्र नसे. छपराची दोन पाखी जिथे मिळत तिथल्या पत्र्याच्या पन्हळीखाली पिंप, कारण तिथे धारच पडे. उरलेल्या पागोळ्यांखाली घंगाळ, हंडा, दोन घमेली आणि डालडाचा एक डबा. रिकाम्या घंगाळात पडणाऱ्या थेंबांचा आवाज टणटणीत. मग तो भरत भरत घुमायला लागायचा आणि शेवटी नुसतं बुडबुड. आजी आत भाकरी थापता थापता ओरडायची, "घंगाळ भरलं, कळशी सरकवा." बाहेर येऊन बघायची तिला गरजच नव्हती.

जिथे चार महिने आभाळ फाटल्यासारखं कोसळतं, तिथे पाणी साठवायचं कशाला, असं पुण्यात वाढलेल्या मला वाटे. पण विहीर खाली आगरात होती आणि जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची पाखाडी एकदा शेवाळली की भरली कळशी घेऊन चढणं म्हणजे कंबर मोडून घेणं. म्हणून प्यायचं तेवढं पाणी विहिरीचं. भांडी, धुणं, न्हाणं पागोळीच्या पाण्यावर. त्या पाण्याला क्षार नाहीत, म्हणून साबणाचा फेस भरपूर येई आणि केस असे मऊ होत की वेणी सुटून सुटून जाई.

एक नियम कडक होता. मृगाच्या पहिल्या सरीला एकही भांडं बाहेर काढायचं नाही. "आज कौलांची आंघोळ आहे," आजी म्हणायची. वर्षभराची धूळ, कुजका पाला, पाखरांची शीट असं सगळं त्या पाण्याबरोबर अंगणात उतरे. दोन-तीन सरी तशाच जाऊ द्यायच्या, मग भांडी.

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. आणि तरी मे महिन्यात तिथल्या कितीतरी वाड्यांवर टँकर येतो. जांभा चाळणीसारखा, उतार समुद्राकडे. पाणी येतं आणि जातं, पाहुण्यासारखं.

मध्यंतरी बोरिवलीजवळची कान्हेरी लेणी पुन्हा पाहिली. बुद्धमूर्ती सगळेच बघतात. मी यावेळी पाणी बघत हिंडले. लेण्यांच्या दाराशी खडकात कोरलेली टाकी आणि वरच्या कातळावरचं पाणी त्यांत आणून सोडणाऱ्या चरा. म्हणजे डोंगर हेच छप्पर, चर हीच पन्हळ. तिथल्या शिलालेखांत टाक्याला 'पोढी' म्हटलंय. लेणं दान दिलं आणि त्याबरोबर पोढी दिली, असं दात्यांनी आपल्या नावानिशी कोरून ठेवलंय. त्यांत कल्याणचे व्यापारीही आहेत. गडांवरची टाकी याच घराण्यातली. खडक फोडला की दगड तटाला, खड्डा पाण्याला. पाणी पाहिल्याशिवाय गड बांधू नये, असं रामचंद्रपंत अमात्यांनी बजावून ठेवलंय ते उगाच नाही.

नाव कोरायची हौस आमच्या सोसायटीनेही जपली आहे. फाटकाशी पाटी आहे: 'पर्जन्यजल संधारण प्रकल्प', खाली कमिटीतल्या सात जणांची नावं. ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर नवं बांधकाम करायचं तर राज्यात हे सक्तीचंच आहे. गेल्या मे महिन्यात टँकरचं बिल बघून मी बैठकीत तणतणले, तेव्हा शिरस्त्याप्रमाणे काम माझ्याच गळ्यात पडलं. मी पाइपाचा माग काढत गेले. पाइप गच्चीवरून झोकात खाली येतो, शोषखड्ड्याकडे वळतो आणि खड्ड्याच्या दोन फूट अलीकडे संपतो. पुढे काही नाही. इतकी वर्षं आम्ही पार्किंग धूत होतो. बरं, खड्ड्याच्या झाकणावर कुणाची तरी स्कूटर.

हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. आमची गच्ची ३०० चौरस मीटर, पुण्याचा पाऊस ढोबळ ७०० मिलिमीटर. म्हणजे २ लाख १० हजार लिटर. गळती-बाष्पाचा पाचवा हिस्सा सोडला तरी दहा हजारी सतरा टँकर. हे आकडे मी बैठकीत वाचून दाखवले तेव्हा पहिल्यांदाच कुणी मोबाइलकडे बघत नव्हतं.

प्लंबर आला. त्याने राहिलेले दोन फूट जोडले, खड्ड्यातली खडी-वाळू उपसून, धुऊन परत भरली आणि पाइपाच्या खालच्या टोकाला एक झाकण बसवलं. "काकू, पहिल्या पावसाला हे उघडं ठेवायचं हां. घाण बाहेर जाऊ द्यायची, मग लावायचं." मी म्हटलं, "माहितेय." त्याला ते जरा लागलंच असावं. जूनमध्ये पहिली सर आली आणि त्या तोंडातून काळं पाणी, कबुतरांची पिसं आणि कुणाची तरी हरवलेली पतंगाची शेपटी बाहेर पडली.

तिसऱ्या सरीला मी झाकण लावलं. सगळं पाणी निमूट खाली जमिनीत. माझी तक्रार असलीच तर तेवढीच: या व्यवस्थेत काही दिसत नाही आणि ऐकूही येत नाही. टणटण नाही, बुडबुड नाही. छत्री धरून मी पाइपाला कान लावून उभी राहिले, तर आत नुसती घरघर. तेवढ्यात पहिल्या मजल्यावरच्या आजोबांनी खिडकीतून डोकं काढलं.

"काय हो, गळतंय का कुठे?"

"नाही हो आजोबा, भरतंय का ते ऐकतेय."