तीन वर्षं जाम पडलेलं डिझेल इंजिन सोडवलं त्याचा अनुभव

आमचं रान कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखलीत, पंचगंगा नदीला चिकटूनच. पुराची पातळी मोजतात त्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट पाणी म्हणजे इशारा आणि ४३ म्हणजे धोका, पण आमचा काठ त्याच्या आधीच पाण्यात असतो. २०१९ ला इंजिन ट्रॉलीत घालून कसंबसं वर आणलेलं. २०२१ च्या जुलैत मात्र रात्रीतच पाणी वाढलं, इलेक्ट्रिक मोटार तेवढी निघाली आणि जुनं पाच एचपीचं डिझेल इंजिन पंपासकट खालीच राहिलं. पूर ओसरल्यावर कुणीतरी हँडल मारून बघितलं, जागचं हललं नाही, मग ते गोठ्यात गेलं ते तीन वर्षं तिथंच. भंगारवाला दोनदा येऊन किलोवर मागून गेला. आबा दर वेळी "बघू की" म्हणायचे.

शेतीची लाईट पाळीनं रात्रीची येते, उसाला रात्री पाणी पाजायचा कंटाळा आला, म्हणून २०२४ च्या डिसेंबरात मी ते उघडायला घेतलं. मी काय मेकॅनिक नाही, ट्रॅक्टरचं बारीकसारीक करतो एवढंच.

पहिली चूक लगेचच केली. सिलिंडरात डिझेल फवारणारं नोझल काढून वरून डिझेल ओतलं आणि दुसऱ्या दिवशी फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनाच्या जड चाकाला, पाईप अडकवून आम्ही दोघं लोंबकळलो. पाईप वाकला. मग कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींना विचारायला गेलो, आयुष्य ऑइल इंजिनात गेलेला माणूस, त्यांनी पहिला प्रश्न हाच विचारला की "जाम इंजिन हाय का पंप?" आणि मला उत्तरच देता येईना. दोन्ही एकाच लोखंडी चॅनेलवर कपलिंगनं जोडलेले, एक अडकलं की दुसरंबी अडकल्यासारखंच वाटणार. घरी येऊन कपलिंगचे बोल्ट काढले तर काय, दोन्ही जाम.

पंपाचं सोपं निघालं. केसिंग उघडलं तर आत गाळ वाळून विटेसारखा झालेला. पाणी सोडून सोडून स्क्रू ड्रायव्हरनं उकरला, इंपेलर, म्हणजे पाणी फेकणारं आतलं चाक, मोकळा झाला. शाफ्टला ग्लँडच्या जागी, म्हणजे दोरी भरून पाणी अडवतात तिथं, गंज होता तो पॉलिश पेपरनं काढला आणि जुनी दोरी टाकून नवीन ग्रॅफाइटची दोरी भरली. अर्ध्या दिवसाचं काम.

इंजिनाचं ड्रेन नट खोललं तर आधी पाणी आलं, मग दुधाच्या चहासारखं ऑइल. हेड काढायला चार दिवस गेले कारण एक नट गंजून स्टडशी एकजीव झालेला, गॅसनं तापवून तापवून शेवटी सुटला. हेड उचलल्यावर कळलं नेमकं काय झालंय. पिस्टन मधोमध थांबलेला, त्याच्यावर लायनरला, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो त्या नळीला, तांबूस गंजाचा थर, एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह पण अडकलेला. म्हणजे पाणी सायलेन्सरमधून आत आलं आणि पिस्टनच्या डोक्यावर तसंच बसून राहिलं, रिंगा लायनरला धरल्या.

वरचा गंज घासून काढला, डिझेल आणि पॉवर स्टिअरिंगचं ऑइल मिसळून ओतलं, आठ दिवस रोज सकाळी वर लाकडाचा ठोकळा ठेवून घणानं हाणत होतो. केसभर हललं नाही. मिस्त्रींना फोन केला तर लई बोलले. "आरं पोरा, पिस्टन ॲल्युमिनियमचा हाय, फुटंल. नाय फुटला तर क्रँक वाकंल. तुला पिस्टन सोडवायचाच कशाला? तो आन् लायनर दोन्ही टाकायचेच हैत की! बिगेंडचे बोल्ट काढ आन् सगळं एकदम उचल."

आठ दिवस मी भंगारात जाणारी वस्तू वाचवत बसलो होतो.

बाजूचं झाकण काढून बिगेंडला, म्हणजे पिस्टनचा रॉड क्रँकला धरतो त्या टोकाला, हात घातला. एक बोल्ट सरळ निघाला, दुसरा मात्र क्रँकच्या मागं, आणि क्रँक फिरवून पुढं आणावा तर इंजिनच जाम! शेवटी एक जुना रिंग पाना तापवून वाकवला आणि आडवं झोपून पावपाव आटा करत काढला. कॅप सुटली आणि फ्लायव्हीलला हात लावला तर ते सहज फिरलं. साडेतीन वर्षांनी. आबा गोठ्याच्या दारात उभे होते, काही बोलले नाहीत पण चहा सांगितला.

आमच्या इंजिनात सिलिंडर वेगळा निघतो, त्यामुळं त्याचे नट काढून चेन ब्लॉकनं सिलिंडर, लायनर, पिस्टन, कनेक्टिंग रॉड असं सगळं एकत्र उचललं आणि उद्यमनगरात प्रेसवर नेलं. तिथं पाच मिनिटांत काम झालं, एक मोठा ठक् आवाज आणि पिस्टन खाली. रॉड चेक केला, सरळ होता, नशीब. क्रँकच्या जर्नलवर, म्हणजे बेअरिंग बसतं त्या गोल भागावर, बारीक खड्डे पडलेले म्हणून ग्राइंडिंग करून ०.२५ मिमी अंडरसाइजचं बेअरिंग टाकलं. लायनर पिस्टनचं किट, रिंगा, गॅस्केट सगळं तिथंच दोन गल्ल्यांत मिळालं. फ्युएल पंप पण आतून धरलेला, तो आणि नोझल पंपवाल्याकडं दिलं, तिथं आपण हात घालू नये.

जोडताना मिस्त्री स्वतः आले. रिंगांची तोंडं एकाखाली एक येऊ दिली नाहीत, हेडखाली शिशाची तार ठेवून दाबली आणि ती मोजून पिस्टन आणि हेडमधली फट बघितली, त्यावरनं सिलिंडरखालचं पॅकिंग ठरवलं, मग हेडचे नट आडवेतिडवे थोडेथोडे आवळले. डिझेल लाईनमधली हवा काढायला मीच विसरलो, त्यामुळं वीस मिनिटं हँडल मारून खांदा गेला. हवा काढल्यावर डिकॉम्प्रेशनचा खटका (आतला दाब सोडून इंजिन हलकं फिरवणारा) उचलून फिरवलं, खटका सोडला, दोन ठोके, पांढरा धूर, आणि सुरू!

लोड न देता थोडं चालवलं, मग पंपाला जोडून पाणी भरून सोडलं. ग्लँडमधून थेंब गळतंय बघून मी पाना घेतला तर मिस्त्रींनी हात धरला, "गळू दे, त्येच्यावरच दोरी थंड ऱ्हाती." पंचवीस तासांनी ऑइल बदललं, ते काळं होतं पण दुधाळ नव्हतं.

यंदा मिरगालाच इंजिन ट्रॉलीतनं घरी आणलं. सायलेन्सरच्या तोंडाला प्लास्टिक बांधलंय, आणि आबा रोज सकाळी एकदा फ्लायव्हील हातानं फिरवून बघतात.