सावल्यांची मांडणी

वस्तुचित्र काढताना चित्रकार काय करतो, असे विचारले तर बहुतेक जण ‘समोर दिसते ते उतरवतो’ असेच सांगतील. एका ज्येष्ठ चित्रकारांना असे चित्र पहिल्यापासून शेवटपर्यंत करताना पाहण्याची संधी मला नुकतीच मिळाली. समोर काय दिसावे हे ठरवण्यातच त्यांची निम्मी सकाळ गेली आणि मला ती सकाळ पुढच्या रंगकामापेक्षाही अधिक पाहण्याजोगी वाटली.

टेबलावर पितळेचे एक भांडे, हिरवट काचेची उंच बाटली, काही लिंबे, एक जाड पुस्तक आणि पांढरे कापड होते. प्रकाश उत्तरेच्या खिडकीतून येत होता. तिथून सहसा थेट ऊन आत येत नसल्यामुळे उजेड बराच वेळ एकसारखा राहतो. दुसरी खिडकी त्यांनी जाड पडदा ओढून बंद केली, कारण प्रकाश दोन दिशांनी आला की प्रत्येक वस्तूच्या दोन सावल्या पडतात आणि गोलाईचा घाट विस्कटतो. मग ते वस्तू हलवू लागले. डोळे बारीक करून ते जे न्याहाळत होते, त्यात वस्तू जवळजवळ नव्हत्याच; बाटलीची सावली लिंबावर कुठवर चढते, भांड्याची सावली कापडाच्या घडीवर कुठे मोडते आणि दोन वस्तूंमधल्या रिकाम्या जागेचा आकार कसा होतो, एवढ्यावरच त्यांचे लक्ष होते. पुस्तकाने सावल्यांची सलगता तुटत होती, म्हणून ते उचलले गेले. एका लिंबाखाली त्यांनी कागदाची घडी सरकवली, तेव्हा ते जरासे कलले आणि त्याचे टोक उजेडात आले. फ्रेंच चित्रकार सेझान फळांखाली नाणी ठेवून त्यांचा कल साधत असे, असे त्याची मांडणी पाहिलेल्या एका तरुण चित्रकाराने सांगून ठेवले आहे. हे वाचले होते तेव्हा मला तो लहरीपणा वाटला होता, पण समोर पाहिल्यावर त्यामागचे कारण कळले.

कॅनव्हासच्या पांढऱ्या पृष्ठभागावर त्यांनी बर्न्ट अंबर या गडद तपकिरी रंगाचा टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला थर दिला आणि तो चिंधीने पुसून घेतला. शुभ्र पांढऱ्यावर कोणताही रंग असतो त्याहून गडद भासतो, त्यामुळे छटांचा अंदाज चुकतो. मध्यम छटेच्या तळावर उजेड आणि अंधार दोन्ही मोजता येतात. त्याच रंगाने, बाह्यरेषा न काढता, त्यांनी सगळ्या सावल्यांचा मिळून एकच आकार मांडला. बाटली कुठे संपते आणि तिची सावली कुठे सुरू होते, हे त्या अवस्थेत ओळखता येत नव्हते. उजळ भाग त्यांनी चिंधीने पुसून मोकळे केले.

पॅलेटवर मोजकेच रंग होते आणि काळा नव्हता. अल्ट्रामरीन हा गडद निळा आणि बर्न्ट अंबर मिसळले की जवळजवळ काळा रंग होतो, शिवाय तो हवा तसा थंड किंवा उबदार करता येतो. सावल्या पातळ, पारदर्शक ठेवून त्यांनी उजेडाच्या जागी रंग जाड लावला. जवसाचे तेल वरच्या थरांत वाढवत नेले, कारण तेल कमी असलेला वरचा थर तेलकट खालच्या थराच्या आधी वाळला तर पुढे तडे जातात. हा नियम पुस्तकांत असतोच, त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

चकाकीचे काम मात्र सविस्तर सांगितले पाहिजे. पितळेवरचा सर्वांत उजळ ठिपका पांढरा नव्हता, पिवळसर होता, कारण पितळ परतवलेल्या प्रकाशालाही आपला रंग देते. काच तसे करत नाही, म्हणून बाटलीवरच्या ठिपक्यात खिडकीच्या उजेडाचाच निळसर थंडपणा आला. कापड पांढरे असूनही ते रंगवण्यासाठी जवळजवळ सगळे राखाडीच वापरले गेले. निव्वळ पांढरा रंग आधीच कापडावर खर्च झाला असता तर या ठिपक्यांसाठी त्याहून उजळ काही उरलेच नसते, आणि म्हणून ते ठिपके अगदी शेवटी, एकेकाच फटक्यात आले. इटालियन चित्रकार मोरांदीने नेमका उलटा मार्ग धरला होता. तो आपल्या काही बाटल्यांना मॅट रंग लावून चकाकीच घालवत असे, म्हणजे उरतील ते केवळ आकार आणि त्यांमधली अंतरे.

भांड्याची डावी कड त्यांनी पार्श्वभूमीत मुद्दाम विरघळू दिली. लिंबाची सावलीतली कडही अशीच बुजवली, पण कापडातून उसळलेला उजेड तिच्या खालच्या अंगाला जाणवेल एवढाच ठेवला, उजेडातल्या सर्वांत मंद छटेपेक्षाही मंद. एवढ्या संयमानंतर बाटलीच्या गळ्यावर त्यांनी दिलेला दुसरा ठिपका मला अनावश्यक वाटला. मी तसे म्हटले, तेव्हा त्यांनी तो बोटाने झाकून चित्र पाहिले, बोट काढून पुन्हा पाहिले आणि ठिपका तसाच ठेवला. माझे मत अजून बदललेले नाही.